कोऱ्या कागदापासून सुरुवात कर

अमळनेर
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाबू यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंस, म्हणून जे बोलला नसतास तेही कागदावर आलं. वादळात नवती बागेतली निसवलेली केळी आडवी झाली, व्यापाऱ्याकडे मागच्या कटाईचे पैसे अडकलेत, आणि त्या संध्याकाळी सालदारावर तू इतका ओरडलास की तुझ्या आईला मध्ये पडावं लागलं. मग शेवटच्या चार ओळी. सकाळी देवघरात बसतो, दिवा लावतो, हात जोडतो, पण काय मागावं तेच सुचत नाही, पाच मिनिटांत उठतो. याला प्रार्थना म्हणायचं का, असं विचारलंस.

म्हणायचं, बाबू. मी तर म्हणेन, इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच खरा देवापुढे बसलास.

तुझ्या गावापासून भुसावळ ओलांडून थोडं पुढे गेलं की तापी-पूर्णेचा संगम आहे. तिथे चांगदेवाचं देऊळ आहे. लहानपणी तुम्हा सगळ्यांना घेऊन आम्ही गेलो होतो, तुला फक्त पाणी आठवत असेल. या चांगदेवांची गोष्ट वारकऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चौदाशे वर्षं तप केलेला योगी, सिद्धी पायाशी, शिष्यांचा मेळा. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली आणि त्यांना पत्र लिहावंसं वाटलं. पण मायना काय घालायचा? वयानं पाहावं तर पोरगं, ज्ञानानं पाहावं तर वडील. आशीर्वाद लिहावा की दंडवत, हे ठरेना. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाईनं तो पाहिला आणि एवढं तप करून हे अजून कोरेच राहिले, असं ती म्हणाली म्हणतात. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं, तीच चांगदेव पासष्टी. पुढे त्याच पोरसवदा मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केलं.

कीर्तनात ही गोष्ट चांगदेवांचा गर्व उतरल्याची म्हणून सांगतात. मला ती तशी कधीच पुरी वाटली नाही. काहीतरी मायना ठोकून पत्र पाठवणं त्यांना अवघड नव्हतं. आपल्याला कळत नाही हे त्यांनी लपवलं नाही, जसं होतं तसं पाठवलं. तुझी सकाळची पाच मिनिटं त्या जातीची आहेत. सुचत नाही म्हणून उठू नकोस. सुचत नाही हेच देवाला सांग आणि बसून राहा.

मागणं हलकं असतं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नकोस. शेतकऱ्यानं पाऊस नाही मागायचा तर कुणी मागायचा? भाव माग, अडकलेले पैसे माग, बाबांचा गुडघा बरा व्हावा म्हणून माग. देवापुढे मोठेपणाचा आव आणून बसण्यापेक्षा हे बरं. फक्त मागून झालं की लगेच उठायचं नाही. आणखी थोडा वेळ बसायचं आणि एवढंच विचारायचं, की या सगळ्यात आज माझ्या हातचं काय आहे? ते मला दिसू दे. उत्तर साधंच येईल. अमक्याला फोन कर, तमक्याची माफी माग, हिशेबाची वही काढ. दिसलं की त्या दिवशी ते करून टाकायचं. मी शहाणपण म्हणते ते एवढंच, आणि माझ्या पाहण्यात ते असंच आलेलं आहे, एका दिवसाला एका दिवसापुरतं.

वादळाचं मात्र वेगळं. देवानं आपल्यालाच का, हा प्रश्न तू पत्रात दोनदा लिहिलास. केळीचं खोड म्हणजे पानांच्या तळच्या वेष्टनांची गुंडाळी, आत लाकूड नाही. त्यावर घडाचा भार आणि ज्येष्ठातला वारा. तापीच्या दोन्ही काठांना हे कित्येकदा झालंय, पुण्यवानांच्या बागाही पडल्यात आणि पाप्यांच्याही. त्यात शिक्षा शोधत बसलास तर देवही कळणार नाही आणि शेतीही. पंचनामा झाला का, विम्याची सूचना मुदतीत गेली का, फोटो काढून ठेवलेस का, हे आधी बघ. प्रार्थना करणाऱ्याचे कागद नीट असावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता धुळ्याचं सांगते. तू कॉलेजला धुळ्यात होतास, तुरुंगावरून रोज गेला असशील. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबा होते. सत्याग्रहातले बरेच कार्यकर्ते तिथे होते, जमनालाल बजाज होते, आणि आमच्या या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० मास्तरकी केलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनच्या रविवारी संपवलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. कॅलेंडर घेऊन मोजून बघ, एकही रविवार गळलेला नाही. ऐकणारे कुणी पंडित नव्हते. रोजच्या बोलण्यातल्या मराठीत, स्वयंपाकाची, शेताची, आईची उदाहरणं देत ते बोलले. गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत होते. ते लिहिलं नसतं तर सगळं त्या भिंतींच्या आतच विरून गेलं असतं. आज ‘गीता प्रवचने’ देशातल्या बहुतेक भाषांमध्ये वाचली जातात, आणि पुढे भूदानाच्या पदयात्रेत विनोबा ते पुस्तक गावोगावी घेऊन गेले. हे सगळं आपल्या खानदेशातल्या एका तुरुंगात घडलं.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते म्हणजे बाकीचे सहा दिवस. रविवारी गीता, आणि इतर दिवशी तुरुंगाची कामं. विनोबांनी तिथे जात्यावर दळण दळलं, बरोबरच्या राजकीय कैद्यांनाही त्या कामाला लावलं. त्यांच्या बोलण्यात कर्म हा शब्द येई तेव्हा ऐकणाऱ्यांच्या तळहातांना खुंट्याचे घट्टे होते. तू म्हणतोस, शेतीच्या धबडग्यातून वेळ मिळत नाही. धबडगा बाजूला सारून मिळालेल्या वेळात जे सुचेल ते बागेत पाय ठेवताच उतरेल. धबडग्यातच बसून सुचलं तर ते टिकतं.

आणि आपल्याकडे याचं त्याहून मोठं उदाहरण आहे. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरी वाड्यातली सून बहिणाबाई. जन्म १८८०चा. अक्षरओळख नाही, ऐन तरुणपणी वैधव्य, तीन लेकरं, घरचं आणि शेतातलं काम. जात्याशी, चुलीशी, शेतात खुरपताना तिला जे सुचे ते ती गाई. मनावरचं तिचं गाणं तुला शाळेत होतं, तेव्हा तू ते पाठ करून मार्क मिळवलेस. आता पुन्हा वाच. आपलं मन कुठे कुठे धावतं हे तिनं जितक्या बारकाईनं पाहिलंय, तितकं पाहायला माणसाला रोज स्वतःशी बसावं लागतं. तिच्याजवळ वेगळी खोली नव्हती, मोकळा तासही नव्हता. हात कामात आणि लक्ष आत, एवढीच तिची साधना. तिचीही गाणी हवेतच गेली असती. मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं जमतील तेवढी लिहून ठेवली. ती १९५१च्या डिसेंबरात गेली, आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

तुझ्याजवळ असं हातातलं काम भरपूर आहे. केळीची पिलं कापताना, ठिबकच्या नळ्या तपासताना, रात्रपाळीची वीज आली की मोटर सुरू करून बांधावर थांबताना. तो सगळा वेळ आत्ता मोबाइल खातो. कानातलं काढून ठेव. पहिले काही दिवस व्यापाऱ्याशीच मनात भांडशील, भांडून घे. तेही दमतं. मग कधीतरी सकाळचा प्रश्न आपोआप वर येईल.

रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी लिही. गुरुजींनी आणि सोपानदेवांनी दुसऱ्यांसाठी केलं ते तू स्वतःसाठी कर. गुरुजी इथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. मुलांची अंथरुणं आवरणारा, कपडे धुणारा हा शिक्षक रोज लेखणीही हातात घ्यायचा. एका ओळीत लिही, आज मी कुणाशी कसा वागलो. दुसऱ्या ओळीत, उद्या काय दुरुस्त करायचं. सुविचार लिहू नकोस, ते कॅलेंडरवर असतात. माणसाचं नाव लिही, वेळ लिही, तोंडून निघालेला शब्द लिही. सालदाराला तू काय म्हणालास ते मला लिहिलंस, तेव्हा तो शब्द तुलाच टोचला असणार, कारण खोडून पुन्हा लिहिलायस. तसंच. सकाळचं बसणं आणि रात्रीचं लिहिणं ही एकच गोष्ट आहे. नुसतं सकाळचं करणारी माणसं मी देवळात पुष्कळ पाहिलीत, घरी त्यांना सगळे घाबरून असतात.

रागाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझं खरं दुखणं तेच आहे. पुन्हा मुक्ताबाईकडेच जावं लागतं. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीनं बाहेर उभं राहून ताटी उघडायची विनवणी केली, ते ताटीचे अभंग. ज्ञानेश्वरांना तेव्हा राग यावा असंच लोक वागले होते. पण तिनं रागाचं समर्थनही केलं नाही आणि भावाला दोषही दिला नाही. तू कोण आहेस हे तिनं त्याला आठवून दिलं. आत बसणं चिंतनासाठी असेल तर चांगलंच, रुसून असेल तर ते दार कुणीतरी ठोठावावं लागतं. तुझी आई त्या संध्याकाळी मध्ये पडली ती त्यासाठीच. ती तुझा अपमान करत नव्हती. मुक्ताबाईची पालखी आता पंढरीच्या जवळ पोचत आली असेल, तुझ्या आईचं वारीला जायचं यंदाही राहिलंच. कार्तिकीला तरी तिला घेऊन जा.

सालदारानं तुझ्याकडे आखाजीला साल धरलं. पुढच्या आखाजीपर्यंत त्याचं वर्ष तुझ्या हातात आहे. बाग पडली त्यात त्याचीही मेहनत पडली, हे त्याला कुणी म्हटलं का? त्याला घरी बोलावू नकोस, त्याच्या घरी तू जा. बायको-मुलांसमोर बोल, कारण ओरडलास तेही चार मजुरांसमोर. माफीचं भाषण नको. चूक झाली म्हण आणि चहा घेऊन ये.

हे सगळं करूनही कित्येक आठवडे काहीच वाटणार नाही. शांत वाटलं पाहिजे अशी अपेक्षा आजकाल सगळ्यांना असते, त्यासाठी शिबिरांना पैसे भरतात. तू शांतीची वाट पाहू नकोस. दुसरं काहीतरी बघ. तू बागेत शिरलास की बोलणारे मजूर गप्प होतात का, की बोलत राहतात? बाबा तुझ्याशी पैशाचं बोलताना आधी आईकडे बघतात का? हे बदललं तर प्रार्थना चालू आहे. नसेल बदललं तर वही काढून पुन्हा बघ, कुठे अडलंय.

या पत्रासोबत ‘गीता प्रवचने’ पाठवते आहे. माझीच प्रत आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या सोडून वाच. येत्या रविवारी पहिला अध्याय, आणि पुढे दर रविवारी एकच. जास्त वाचू नकोस, एक आठवडाभर पुरतो. दिवाळीच्या आसपास अठरावा होईल. तोवर पडलेल्या बागेत तू काय लावलंस तेही ठरलेलं असेल. जमीन थोडी मोकळी ठेवण्याबद्दल बाबांशी बोल, त्यांचा अनुभव मोठा आहे.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावून शेकत जा, रात्री तूच लाव. आईला सांग, आषाढीच्या उपासाला भगरीचं पीठ इथून पाठवते, तिकडचं विकत घेऊ नका. सालदाराकडे जाऊन आलास की लिही.

तुझी,
आत्या