धातुशोधक यंत्राची बॅटरी
परीक्षाकेंद्रावर धातुशोधक यंत्र वाजले नाही, एवढ्यावरून धातू नाही असे शिक्षकांनी मानू नये. बॅटरी क्षीण झाली असताही यंत्र मुके राहते. म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वी ते एखाद्या किल्लीवरून फिरवून पाहावे. आवाज न आल्यास बॅटरीची अग्रे कोरड्या फडक्याने पुसून ती नीट बसवावी. तरीही न वाजल्यास नवी घालावी.

अशा यंत्रात बहुधा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तिच्या पोटात १.५ व्होल्टचे ६ घट एकापुढे एक जोडलेले असतात. हा गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. अग्रे शेजारी असल्याने ती नाण्यांसमवेत खिशात ठेवू नये. नाणे दोहोंना टेकल्यास ती तापते. काम संपताच ती काढून ठेवावी. आत राहून गळल्यास यंत्र बिघडते.