सायकलस्वार आणि मोटारचालक

एकाच रस्त्याने जाणारे सायकलस्वार व मोटारचालक परस्परांवर का चिडतात, याचे उत्तर काही अंशी गतिशास्त्रात सापडते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असता तिची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल असते. स्वारासह ८० किलोग्रॅमची सायकल सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असता ती अवघी १,००० ज्यूल भरते. म्हणून मोटार जवळून गेली की सायकलस्वाराच्या मनात प्रथम भय व मागाहून क्रोध उत्पन्न होतो. उलटपक्षी, थांबल्यावर गमावलेला वेग त्याला स्नायूंच्या बळाने पुन्हा मिळवावा लागतो. म्हणून तो थांबण्याचे टाळतो, आणि मोटारचालकाला ती बेशिस्त वाटते. बंद मोटारीतून क्षमायाचना ऐकू येत नाही; ऐकू येतो तो केवळ भोंगा.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. लोकांनी चळवळ उभारली. पुढे तेथे वेगवान रस्त्यांलगत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधले गेले व वस्तीतील अनेक रस्त्यांवर मोटारींचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणला गेला. वेग निम्मा केला की गतिज ऊर्जा चतुर्थांशच उरते. कलह शमविण्यास उपदेशाइतकीच रस्त्याची रचनाही उपयोगी पडते, ती यामुळेच.