पित्ताची गोळी आणि चढती साखर

मी तीन डॉक्टरांच्या गोळ्या घेत होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि कधीकाळी पित्त उसळलं तेव्हा लिहून मिळालेलं पॅन्टोप्राझोल. ते होतं थोड्या दिवसांसाठी, पण मेडिकलवाला मागेल तेव्हा देतो, म्हणून वर्षानुवर्षं सकाळी अनशापोटी चालूच राहिलं. तिघांनीही आपापली गोळी योग्यच दिली होती. तिन्ही एकत्र मात्र कुणी पाहिल्या नव्हत्या.

मग रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, पापणी फडफडू लागली (डावी की उजवी, यावर घरात शकुनशास्त्रही झालं). खाणंपिणं तेच असून उपाशीपोटीची साखर चढत गेली. मधुमेहाच्या डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी सगळी औषधं मागवून पाहिली आणि रक्तातलं मॅग्नेशियम तपासायला लावलं. ते १.३ निघालं. साधारण १.७ ते २.२ हवं.

त्याचा साखरेशी काय संबंध, हे त्यांनी कागदावर रेघा ओढून सांगितलं. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की रिसेप्टरचाच एक भाग, टायरोसिन कायनेज नावाचं एन्झाइम, जागा होतो आणि एटीपीकडून फॉस्फेट घेऊन निरोप आत धाडतो. तेव्हा कुठे ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि स्नायू साखर ओढून घेतात. पण हे एन्झाइम एटीपी वापरतं ते मॅग्नेशियमच्या जोडीनेच. मॅग्नेशियम कमी पडलं तर इन्सुलिन असूनही निरोप क्षीण जातो. उलट साखर फार वाढली की लघवीवाटे मॅग्नेशियम निघून जातं, म्हणजे पुन्हा तेच. माझ्या बाबतीत रक्तदाबाची गोळी त्यात भर घालत होती आणि पित्ताची गोळी आतड्यातलं शोषणच कमी करत होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जातीच्या गोळ्यांबद्दल २०११ मध्येच तसा इशारा दिला होता.

डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल हळूहळू बंद केलं, रक्तदाबाची गोळी बदलली, काही काळ मॅग्नेशियम दिलं. गोळे थांबले. साखरही उतरली, पण त्याच सुमारास मी रोज चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय मॅग्नेशियमला देणार नाही.

भिशीतल्या मैत्रिणींनी मात्र लगेच गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. कमतरता नसताना ही गोळी मधुमेह बरा करत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठून नाडी मंदावते, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायचं. पित्ताची गोळी वर्षभराहून जास्त चालली असेल, तर ती अजून लागते का, हे मात्र नक्की विचारा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी लक्षणं सांगाच: शरीरातल्या सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी रक्तद्रवात एक टक्काही नसतं, निम्म्याहून जास्त हाडांत असतं.

जेवणात मी भात कमी करून बाजरी-ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी, भोपळ्याच्या बिया आणल्या. पांढऱ्या तांदळापेक्षा यांत मॅग्नेशियम कितीतरी जास्त. गोळी घ्यावीच लागली तर पोट ढिलं होऊ शकतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.