पिवळ्या तापाची जुनी लस चालेल का?

प्रश्न : मुलगी नैरोबीला असते. २०१२ साली मी पिवळ्या तापाची लस घेतली. कार्डावर मुदत दहा वर्षांची. आता पत्नीसह जायचं आहे. ती ६४ वर्षांची, तिने लस घेतलेली नाही.

उत्तर : तुमचं कार्ड बाद नाही. ११ जुलै २०१६ पासून ही प्रमाणपत्रं, जुनीसुद्धा, आयुष्यभर ग्राह्य आहेत. पिवळी पुस्तिका मात्र सोबत ठेवा. केनियाहून परतताना आपल्याच विमानतळावर ती मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. पत्नीच्या बाबतीत घाई नको. ही जिवंत विषाणूची लस. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, वाढतो. अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं.