घरातली पंचाहत्तरी: थीम, जागा आणि कोटेशन

पहिल्या वाढदिवसाच्या डेकोरेशनचा व्हिडिओ टाकल्यापासून बऱ्याच जणींचा एकच प्रश्न येतोय. "लहान मुलांचं जमतं हो, पण आता लोक एकसष्टीला, पंचाहत्तरीला बोलावतात. तेही घरीच, आणि थीम पाहिजे म्हणतात. तिथे काय करायचं?" व्हिडिओत यावर दोनच मिनिटं बोलले होते. आज नीट लिहिते. उदाहरण पंचाहत्तरीचं घेऊ, कारण त्यात माणसाचं वय, घरातली जागा आणि दिवे अशा तिन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात.

सुरुवात जन्मतारखेपासून करा. हसू नका. एकसष्टी म्हणजे साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागतं तेव्हा. पंचाहत्तरीला मात्र कुणी पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर करतं, कुणी पंचाहत्तरावं लागल्यावर. त्यात कुणी तिथीने करतं, कुणी तारखेने. शिवाय त्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर 1 जून लिहिलेले कितीतरी आजी-आजोबा आहेत, खरा जन्म श्रावणातला असतो. आकडा छापायच्या आधी "कितवं वर्ष, पूर्ण की चालू, आणि कार्यक्रम नक्की कधी" हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मोठा 75 कापून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या की अजून वर्ष आहे, तर भांडण कुणाशी करणार? सहस्रचंद्रदर्शनाची ऑर्डर आली तरी हेच. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस धरा, हजार पौर्णिमा व्हायला जवळपास 80 वर्षं 10 महिने लागतात. प्रत्येक घराची मोजणी थोडी वेगळी असते, म्हणून घरच्यांनाच विचारायचं.

सकाळी शांत आहे का, तेही विचारा. पंचाहत्तरीला बऱ्याच घरांत ऐंद्री शांत करतात, साठीला उग्ररथ. होम असला की हॉल दुपारपर्यंत तुमच्या ताब्यात येत नाही. गुरुजी "बारापर्यंत आटोपेल" म्हणाले की मी दीड धरते. म्हणजे पाचच्या कार्यक्रमासाठी तुमच्या हातात तीन तास. त्यात काय बसेल तेवढंच कबूल करा, बाकीचं घरून तयार करून न्या.

आता थीम. "कोणती थीम हवी?" हा प्रश्न विचारला की समोरून मोबाइल पुढे येतो आणि त्यात काळा-सोनेरी बॅकड्रॉप असतो. तो गावातले अजून चार जण करतात आणि तुमच्यापेक्षा पाचशे कमी घेतात. म्हणून मी थीमचं नावच काढत नाही. मी विचारते: काकांनी नोकरी कुठे केली? रोज हातात काय असायचं? घरात अजून जपून ठेवलेली त्यांची एखादी वस्तू आहे का?

एक ऑर्डर सांगते. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आजोबा. सुनेने काळा-सोनेरीच मागितलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, बाबांचं काही जुनं सामान आहे का घरात?" तर माळ्यावरून तिकीट पंच करायची चिमटी निघाली. तिथेच थीम ठरली. लाल कापडाचा बॅकड्रॉप, वर बसवर असते तशी पाटी: "माहेरगाव – शाळा – डेपो – घर". तसं बघायला गेलं तर आजोबांना माहेरगाव नसतं, पण पाटीवर हा शब्द सुनेला हवा होता आणि आजोबा त्यावरच सगळ्यात जास्त हसले. पाहुण्यांना आमंत्रण म्हणून तिकीट दिलं. भाडं: एक आठवण. दारात यायचं, तिकिटाच्या मागे आजोबांची एक आठवण लिहायची, ते त्यांच्याकडे न्यायचं आणि आजोबा खुर्चीत बसून चिमटीने पंच करणार. केक कापायला घंटा. एक टोला थांबा, दोन टोले चला, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

यात खर्च किती? तिकिटं आणि पाटी मिळून छपाईचे हजार-अकराशे. पण त्या चिमटीने दोन कामं केली. उत्सवमूर्तीला बसल्या जागी काहीतरी करायला मिळालं, नाहीतर अशा कार्यक्रमात म्हातारं माणूस तीन तास नुसतं फोटोला हसत बसतं. आणि पाहुणे एकेक करून पुढे गेले, गर्दी झाली नाही. (थोडी माहिती: एस.टी.ची पहिली बस 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली. कार्यक्रमात ही ओळ बोलायला मस्त आहे. मात्र महामंडळाचं बोधचिन्ह छापू नका, रंग आणि पाटीचा आकार पुरतो.)

शिक्षिका असतील तर हजेरीपट, शिवणकाम करणाऱ्या असतील तर मापाची टेप आणि रिळं, शेतकरी असतील तर बैलगाडी नको, ती सगळेच करतात. त्यांच्या शेतातलं पीक कोणतं ते विचारा. रेडिओ ऐकणारी पिढी आहे, बिनाका गीतमाला 1952 ला सुरू झाली, म्हणजे आता पंचाहत्तरीला आलेली माणसं तिच्यासोबतच लहानाची मोठी झाली. जुना रेडिओ मध्ये ठेवला आणि त्यांच्या आवडीची गाणी हळू आवाजात लावली तरी अर्धी थीम होते.

एक नाजूक गोष्ट. जोडीदार हयात आहेत का, हे फोटोवॉल करण्याआधी विचारा. नसतील तर त्यांचा फोटो लावायचा का, कुठे, हार घालून की न घालता, हे मुलांनी ठरवायचं. औक्षण कोण करणार हेही त्यांनीच. तुम्ही फक्त आधी विचारायचं, ऐन वेळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर हा विषय निघता कामा नये. सरप्राइजचंही तसंच. या वयात, त्यातून हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर अंधारातून चाळीस जण ओरडत बाहेर यायचं मी करत नाही. पैसे जास्त दिले तरी नाही.

जागा मोजायला टेप घेऊनच जा. समजा हॉल 10 बाय 15 फुटांचा आहे. ऐकायला मोठा वाटतो. बॅकड्रॉपचा स्टँड आणि पुढची खुर्ची साडेतीन फूट खाते. ओवाळणाऱ्या बायका आणि फोटो काढणारा यांना साडेतीन फूट. उरले 8 बाय 10, म्हणजे 80 चौरस फूट. एका खुर्चीला, जायची वाट धरून, साडेसहा फूट धरा. बारा खुर्च्या झाल्या! आणि घरचे सांगतात, "चाळीस-पन्नास जणच आहेत फक्त." म्हणून मी वेळा वाटून द्यायला लावते: पाच ते साडेसहा जवळचे नातेवाईक, सात ते साडेआठ शेजारी आणि मित्रमंडळी. आमंत्रणाच्या तिकिटावरच वेळ छापली की कुणाला वाईट वाटत नाही. जेवणाचं टेबल हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत. बाथरूमकडे जायच्या वाटेवर वायर, स्टँडचा पाय, फुलांची परडी, काहीही नको. उत्सवमूर्तीची खुर्ची हातांची आणि उंच बैठकीची, कारण खोल सोफ्यातून उठताना दोन माणसं लागतात आणि नेमका तोच फोटो निघतो. बॅकड्रॉप खिडकीसमोर लावू नका, संध्याकाळचं ऊन मागून आलं की चेहरा काळा येतो. कार्यक्रम दुपारच्या झोपेनंतर आणि रात्रीच्या गोळ्यांआधी. आवाजाचं म्हणाल तर रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा कायदा आहे, सोसायटीची मेहेरबानी नाही.

आता जे सगळ्यात नीट वाचायचं ते. पंचाहत्तरीला 75 दिव्यांनी ओवाळतात. कणकेचे दिवे साधारण दोन इंचांचे, मध्ये थोडी जागा सोडली तर त्यांना दोन फूट बाय दोन फूट लागतात. एवढं ताट हातात धरून ओवाळणं कुणालाही झेपत नाही. आम्ही काय करतो? हातात नेहमीचं तबक आणि निरांजन. बाकीचे दिवे बाजूच्या टेबलावर 75 च्या आकारात, कापड आणि फुग्यांपासून निदान चार फूट लांब. एकट्याने लावायला घेतले तर शेवटचा पेटेपर्यंत पहिले मिणमिणायला लागतात, म्हणून चार जणी एकदम लावतात. पंखा बंद, पदर खोचलेले, आणि टेबलाजवळ पाण्याची बादली व ओला टॉवेल.

आणि जिथे दिवे आहेत तिथे गॅसचे फुगे अजिबात नाहीत. हेलियम पेटत नाही, हायड्रोजन पेटतो. हायड्रोजन स्वस्त पडतो म्हणून फुगेवाले तोच भरतात आणि "हेलियमच आहे ताई" सांगतात. फुगा बघून तुम्हाला फरक कळणार नाही, दोन्ही वरच जातात. तेव्हा क्लायंटने कितीही हट्ट केला तरी छताला हवेचेच फुगे चिकटवा. स्नो स्प्रेही बंद. त्या डब्यात फेस बाहेर ढकलायला बहुतेक वेळा ज्वलनशील वायू असतो आणि पोरं नेमकी मेणबत्तीवर मारतात. हे कोटेशनमध्येच एका ओळीत लिहा, म्हणजे त्या दिवशी भाच्याने खिशातून स्प्रे काढला तर तुम्हाला कागद दाखवता येतो.

साहित्याबद्दल अजून एक. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे चमचे-ग्लास आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात थर्माकोलवर 2018 पासूनच. बाजारात मिळतं म्हणून घेऊ नका. आकडा पुठ्ठ्याचा किंवा एमडीएफचा, बॅनर कापडी. कापडी पाटी घरचे जपूनही ठेवतात.

कोटेशन. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचा भाव घाला. फुगे, कापड, टेप-दोरा ₹3,200; छपाई ₹1,100; फुलं ₹700; टेम्पो ₹600; हेल्पर ₹800. झाले ₹6,400. इथे बहुतेक जणी थांबतात आणि "आठ हजार सांगते" म्हणतात. तुमचा वेळ कुठे गेला? घर बघायला एक तास, खरेदी दोन, घरची तयारी तीन, लावायला तीन, उतरवायला एक. दहा तास. ताशी ₹150 धरले तरी ₹1,500. खरा खर्च ₹7,900.

आता 30 टक्के नफा हवा, म्हणून 7,900 वर 30 टक्के चढवले तर ₹10,270 होतात. पण 10,270 मधले तुमचे 2,370, म्हणजे विक्रीच्या फक्त 23 टक्के. विक्रीवर 30 टक्के राहायला हवे असतील तर खर्चाला 0.7 ने भागा: ₹11,286. सांगा ₹11,300. एका ऑर्डरमध्ये हजाराचा फरक आहे, महिन्याला सहा ऑर्डर असतील तर सहा हजार. दुकानाचं लाइटबिल त्यातून जातं.

मग फोन येतो, "ऑनलाइन हजाराच्या आत सगळा किट मिळतो." मिळतो, खरं आहे. वाद घालू नका आणि दरही कमी करू नका, काम कमी करा. "दादा, फुग्यांची कमान काढली तर तेराशे कमी होतील. तिकिटं आणि पाटी ठेवूया, कारण बाबांचं तेच आहे." मी पहिली कात्री नेहमी फुग्यांनाच लावते. शंभर-सव्वाशे फुगे फुगवण्या-बांधण्यात एका माणसाचा तास जातो आणि दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात असतात.

ॲडव्हान्स निम्मा, छपाईला पाठवण्याआधी. उरलेले सजावट लावून झाल्यावर, पाहुणे यायच्या आधी. केक कापल्यानंतर पैसे मागायला कुणाला मोकळं वाटत नाही, देणाऱ्यालाही नाही. सामान कधी उतरवायचं ते आधीच ठरवा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर जाते, कारण रात्री उशिरापर्यंत घरचे त्याच खुर्चीवर बसून फोटो काढत असतात. आणि जाताना तिकिटांची पेटी तुमच्या सामानात चुकून भरली जात नाही ना, ते बघा.

या आठवड्यात एवढंच करा: स्वतःच्या हॉलमध्ये टेप घेऊन वरचा हिशोब मांडा आणि किती खुर्च्या बसल्या ते कमेंटमध्ये लिहा. हॉलचं माप सोबत लिहायला विसरू नका.