गुन्ह्यावर लिहायला बसण्याआधी

बाळा, नाशिकच्या एखाद्या खुनावर पुस्तक लिहायचं मनात घेतलं असशील, तर एवढं धरून चाल: तू गुन्ह्याची माहिती मागायला जाशील आणि सरकार आधी तुझी माहिती काढेल. पोलीस ठाण्यात साहेबांना भेटून आलास की गोपनीय शाखेचा माणूस गल्लीत येऊ शकतो. तुझी बेल वाजवण्याआधी तो खालच्या किराणावाल्याला विचारेल, हा करतो काय, याच्याकडे येतं-जातं कोण. घाबरू नकोस, चिडूही नकोस. घरात बसव, चहा दे आणि ठाण्यात जे सांगितलंस तेच सांग. दोन ठिकाणी दोन उत्तरं गेली की संशय तिथेच मूळ धरतो.

म्हणून पहिली भेट नुसती तोंडी नको. एक पानी अर्ज ने. कोण आहेस, आधी काय लिहिलंस, गुन्हा कोणता, त्याचा नंबर काय, नेमकं काय हवंय. सोबत प्रकाशकाचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स. अर्ज आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. साहेब बदलून जातात, ती पोच तुझ्याकडे राहते.

हेतू सांगावा लागत नाही असा एक रस्ता मात्र आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे माहिती का हवी हे तुला कोणी विचारू शकत नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘तपास चालू आहे’ एवढ्याच कारणावर नकार आला तर गप्प बसू नकोस. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 सालीच म्हटलंय. तीस दिवसांत अपील कर. कोर्टातल्या कागदांच्या नकलेला मात्र तू तिऱ्हाईत, तिथे कारण सांगून प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल.

आपल्या गावात एक गोष्ट जास्त सांभाळायची. स्टॅम्प घोटाळ्यातल्या तेलगीने नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रं मिळवून खोटे स्टॅम्प छापले, त्यावर लिहायचा मोह कोणालाही होईल. खुशाल लिही, पण प्रेसच्या भिंतीजवळ किंवा लष्कराच्या देवळाली कॅम्पात मोबाइल काढून फोटो घेऊ नकोस. 2017 मध्ये देवळालीतल्या जवानांना राबवून घेण्यावर छुप्या कॅमेऱ्याने बातमी करणाऱ्या एका पत्रकारावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो 2019 मध्ये रद्द केला, पण मधली दोन वर्षं गेलीच.

लिहिणाऱ्यांवरची ही सरकारी पाळत या गावाला नवी नाही. जून 1909 मध्ये कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळं पाणी झालं. त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, आणि पुढे धरपकड सुरू झाली. पोलिसांनी तेव्हा संशयाने लिहिलेले कागद सरकारनेच 1958 साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनखंडात छापले. हात बसवायचा तर तिथून सुरुवात कर. पोलीस माणसाबद्दल कसं लिहितात, काय गाळतात, ते कळेल. सावाना, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, 1840 पासून उभं आहे, तिथे बसायची सवय लाव.

एक शेवटचं. मेलेल्या माणसाच्या घरी सगळे कागद वाचून झाल्यावरच जा. तुझी चौकशी करायचा सरकारपेक्षा त्या घराला जास्त हक्क आहे. ते विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दे, आणि नको म्हणाले तर परत ये. बलात्काराचा गुन्हा असेल तर त्या मुलीचं नाव छापू नकोस, ती हयात नसली तरीही आणि घरच्यांनी ‘छाप’ म्हटलं तरीही. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.