अंगठा म्हणजे पोच की पसंती?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, व्यवहारात शब्दाला किंमत असते हे आपण सारे जाणतो. परंतु हल्ली मोबाईलवर शब्दाऐवजी चित्र पाठवून काम भागवले जाते. भाव कळवला की समोरून अंगठा येतो, पैशांची आठवण दिली की जोडलेले हात येतात. या चित्रांना इमोजी म्हणतात. जपानी भाषेत 'ए' म्हणजे चित्र व 'मोजी' म्हणजे अक्षर. अक्षर सर्वांना सारखेच वाचता येते. चित्र मात्र ज्याने-त्याने आपल्या परीने वाचावे लागते.

जोडलेले हात म्हणजे आभार, विनंती किंवा 'माफ करा, जमणार नाही'. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा गंमत दाखवतो; पण भावाच्या बोलणीत तोच चेहरा चेष्टा वाटतो. सर्वात फसवा आहे तो अंगठा.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातले उदाहरण पाहा. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदीदाराने एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचा फोटो पाठवून 'कृपया नक्की करा' असे लिहिले. भाव होता बुशेलला १७ डॉलर. उत्तरादाखल अंगठा आला. नोव्हेंबरपर्यंत भाव ४१ डॉलरवर गेला आणि माल काही आला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे केवळ कागद मिळाल्याची पोच. न्यायालयाने मागील व्यवहार तपासले. तेव्हाही तो 'ठीक आहे' एवढेच कळवून माल देत असे. म्हणून २०२३ साली अंगठा ही संमती ठरली व सुमारे ८२,२०० डॉलरची भरपाई त्याच्यावर बसली. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही बहुमताने तोच निकाल कायम ठेवला.

उलट, आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ साली रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या प्रकरणात अंगठ्याचा अर्थ 'निरोप पाहिला' एवढाच घेतला. ते प्रकरण नोकरीचे होते, व्यापाराचे नव्हे. तरी बोध एकच: अर्थ चित्रात नसतो, तो आपल्या आधीच्या रीतीवरून ठरवला जातो.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार प्रस्तावाची स्वीकृती पूर्ण व बिनशर्त असावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे, करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो निरर्थक ठरत नाही. म्हणजे मोबाईलवरचा होकारही बांधून ठेवू शकतो.

यासाठी आम्ही काही गोष्टी सुचवतो.

१. नुसती पोच द्यायची असेल तर 'निरोप मिळाला, उद्या कळवतो' असे लिहावे.

२. ऑर्डर घेताना नग किंवा वजन, भाव, मुदत व इसार या चारही गोष्टी शब्दांत व आकड्यांत लिहाव्यात.

३. समोरून अंगठा आला तर 'म्हणजे ऑर्डर पक्की ना?' असे विचारून लेखी 'होय' घ्यावे. त्यानंतरच कच्चा माल खरेदी करावा.

४. व्यवहार पुरा होऊन हिशेब चुकता होईपर्यंत संदेश पुसू नयेत.

ईदच्या शुभेच्छांना चित्र खुशाल पाठवावे. भावाला आणि मालाला मात्र शब्दच हवा.